आबांचा हात आणि माझा तक्ता

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा धाकट्या बहिणीच्या लग्नाला चार महिने राहिले होते. सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं आणि हातातला तांब्या सुटला. आई म्हणाली, "हात अंगाखाली आला आसंल. पडा जरा." मी लोणी देवकरच्या कंपनीतून रात्रपाळी करून नुकताच पळसदेवला पोचलो होतो, बूटही काढले नव्हते. शेजारच्या तात्यांनी वाऱ्याचं औषध देणाऱ्या कुठल्याशा माणसाचं नाव काढलं. मी ऐकून घेतलं नाही. गाडी केली आणि आबांना सरळ बारामतीला नेलं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. माझी छाती फुगली.

ती फार वेळ फुगलेली राहिली नाही. डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी कधीपासून बंद आहे? आई खाली बघत म्हणाली, "ऊस तुटून गेल्यापसनं." आबांचा हिशेब सोपा होता. डोकं दुखत न्हाय, चक्कर येत न्हाय, मग गोळी कशापायी? आमच्यात औषध दुखण्यावर घेतात. दुखणं नाही तर औषध नाही. पण मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, बीएस्सी केमिस्ट्री. बीपी न दुखता वाढतं हे मला ठाऊक होतं. गोळ्यांचं पाकीट टीव्हीमागं धूळ खात पडलेलं रोज दिसत होतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

आबा घरी आले. महिन्याभरात काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत चालायला लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. आणि आबांना तोच हात हवा होता. आमच्या भावकीत मुलीचा बाप सगळ्यांत शेवटी, व्याह्याशेजारी जेवायला बसतो. पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. शेवटच्या माणसाचं ताट होईस्तोवर कुणी हलत नाही. त्या पंगतीत आबांना आपल्या हातानं जेवायचं होतं. मी म्हणालो, "डाव्या हातानं खावा की, कोण बघतंय?"

"समदं गाव बघतंय," आबा म्हणाले. "त्यापरीस मी उपाशी बसंन."

बारामतीच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी कागदावर व्यायाम लिहून दिले होते. हात टेबलावर पुढं सरकवणं, बोटं उघडणं, मनगट वर करणं. प्रत्येक वीस वेळा, दिवसातून दोनदा. मी पट्टी घेऊन त्याचा तक्ता आखला, कंपनीत बॅचचा आखतो तसा. ड्यूटीवरून यायचो, डोळे मिटत असायचे, तरी आबांचा हात मांडीवर घेऊन बोटं उघडायचो, मिटायचो, मोठ्यानं मोजायचो. आबा टीव्ही बघत बसायचे. वीस झाले की मी टिक करायचो. तोवर आई दुधात भाकरी कुस्करून आणायची आणि घास भरवायची. बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येणारे पाव्हणे म्हणायचे, "आबा, तुमी निस्तं पडून ऱ्हावा. पोरगं शिकल्यालं हाय, ते बघतंय समदं." मला ते ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

दीड महिन्यानं परत दाखवायला नेलं. भिगवणला एसटी बदलायची, आबांना पायऱ्यांवरून उतरवायचं, पुन्हा चढवायचं. पोचेपर्यंत माझ्या पाठीचे तुकडे झाले होते. तरी पिशवीतून तक्ता काढून मी ऐटीत ताईंच्या पुढं ठेवला. एकही घर रिकामं नव्हतं.

"छान भरलाय," त्या म्हणाल्या. मग टेबलावर रुमाल टाकला. "आबा, हा जवळ ओढा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. माझा हात आपोआप पुढं गेला.

"तुम्ही नाही," ताई म्हणाल्या. "घरी यांचा हात कोण हलवतं?"

"मीच की."

"मग तुमचा हात चांगला सुधारला असणार."

आबा हसले. वाकडं तोंड करून, पण आजारपणानंतर पहिल्यांदा. "बराबर बोलली बाई. ह्योच यायाम करतोय, मी बातम्या बघतोय."

ताईंनी मग नीट समजावलं. दुसऱ्यानं हलवल्यानं सांधे आखडत नाहीत, तेवढ्यापुरतं ते ठीक. पण मेंदूनं हात पुन्हा शिकायचा तर जोर आबांनीच लावला पाहिजे, हात सुताएवढा हलला तरी. भरवणं आजपासून बंद. आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही, दुखो न दुखो. त्या बोलत होत्या आणि मी तक्त्याची घडी करत होतो. त्यांनी दिलेल्या कागदावर व्यायामांच्याही वर, पहिल्याच ओळीत होतं आणि मी वाचलं नव्हतं, 'रुग्णाने स्वतः प्रयत्न करावा.'

घरी आई भडकली. "तिला काय जातंय सांगायला? तिचा बाप हाय व्हय?" पण ताट तिनंच पुढं ठेवलं. भाकरीचा एक तुकडा मोडायला आबांना इतका वेळ लागायचा की कालवण गार व्हायचं. तुकडा तोंडाशी आणेस्तोवर मांडीवर पडायचा. एकदा त्यांनी ताट भिरकावलं. आई म्हणाली, "बघ तुझी शाळा!" मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचो. व्यायाम करून घेण्यापेक्षा हे बसून राहणं जास्त दमवायचं. रोज दोनदा, अडीच महिने.

लग्न लागलं. शेवटची पंगत बसली. आबांना खुर्ची-टेबल देत होते, ते व्याह्याशेजारी खाली बसले. मी बुंदीची बादली घेऊन वाढत होतो. चपाती त्यांनी अगोदरच आमटीत मोडून ठेवली होती, अंगठा आणि दोन बोटांनी. अर्धा घास तोंडात, अर्धा सदऱ्यावर. इतरांची ताटं झाली. कुणी उठेना. मागं भांडी घासणाऱ्या बायका ताटकळल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "आबा, उरका की. आमास्नी घरी जायचंय."

"जाशील," आबा म्हणाले. "मला हितवर यायला चार म्हयनं लागल्यात."

व्याही हसले आणि उगाचच आणखी थोडा भात मागून घेतला. आबांच्या हातून भाताचा घास तिसऱ्यांदा सुटला. मी बादली खाली ठेवली. आबांनी नुसतं बघितलं. मी बादली परत उचलली.

सगळं ताट झालं नाही. भात निम्मा राहिला. आबा म्हणाले, "उठा आता," आणि पंगत उठली. त्यांना एकट्याला उठता येईना. त्यांनी आमटीनं माखलेला उजवा हात माझ्यापुढं केला.

"हां," म्हणाले, "आता धर."