बिबा उतलाच नव्हता

आमच्या गावात हाताला फोड आला की कोणी कारण विचारत नाही. बिबा उतला, झालं. पोंभुर्ण्याच्या रानातले बिबे फोडून आतला गर, म्हणजे गोडंबी, काढण्यात आमच्या घरच्या बायकांची हयात गेली. बिब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, त्यालाच उतणं म्हणतात. खोबरेल लावायचं आणि पुन्हा कामाला बसायचं. त्या उन्हाळ्यात माझ्या हातांवर फोड आले तेव्हा मीही तेच केलं.

त्याच दिवसांत सून बाळंत झाली, मुलगी झाली. आमच्यात बाळाला आजीच न्हाऊ घालते. मी तेल कोमट करून, पाय पसरून बसले, तर सून खाली मान घालून म्हणाली, "आई, राहू द्या ना. तुमचे हात उतले हायत. लेकराले लागंन." तिचं बरोबरच होतं. पण असा राग आला मला. तिचा नाही, बिब्याचा. त्या दिवसापासून मी बिब्याला शिवले नाही.

दोन महिने झाले तरी फोड येतच होते. दाराची कड घासली तरी कातडी सोलून निघायची. लघवी काळ्या चहासारखी. शेजारीण म्हणाली, "बिब्याच्या झाडाखालून गेली असशीन." म्हटलं, "झाड का माह्या मागंमागं फिरून राह्यलं?" आणि चंद्रपूरची एसटी धरली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बिबा फोडताना तेल कुठं लागतं?" बोटांना, तळव्याला, मी म्हटलं. "आणि फोड कुठं आहेत?" सगळे मळहातावर होते, हाताच्या पाठीवर, ऊन लागतं तिथं. जन्मभर बिबे फोडले आणि एवढं मला दिसू नये, याची लाज वाटली.

रक्तात कावीळ निघाली, सी प्रकारची. मला हसूच आलं. डोळे पांढरे, भूक चांगली, आणि कावीळ कशी? बाई म्हणाल्या, ही वर्षानुवर्षं यकृतात गुपचूप बसते आणि कुणाच्या कातडीवर, कुणाच्या सांध्यांत, कुणाच्या मूत्रपिंडात दिसते; तुमची कातडी तिच्यामुळंच ऊन सोसत नाही. थोरल्याच्या बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं. त्यातून आली की आणखी कशातून, आता कोण सांगणार.

"नातीला घेऊ का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "शिवल्यानं होत नाही, रक्तानं होतं. जखमा भरेपर्यंत न्हाऊ घालू नका." गोळ्या तीन महिने, उन्हात हात झाकायचे, मोहाची दारू बंद.

एकही गोळी चुकवली नाही मी. पूजेत दिरानं मोहाची पुढं केली, "बोटभर घे वयनी, देवाची हाय." म्हटलं, "देवाले सांगा, माह्या गोळ्या चालू हायत." लोक हसले. हसोत बापडे.

गोळ्या संपल्या, पुढच्या तपासणीत रक्त साफ निघालं. फोड हळूहळू थांबले. पुढचा उन्हाळा आला तेव्हा नात चालायला लागली होती. एका सकाळी सुनेनं आपणहून तेल कोमट केलं आणि म्हणाली, "आई, घ्या हिले."

चालत्या पोरीला आता कुठली पायांवरची आंघोळ नि काय. ती पाय झाडत होती. हातातला लोटा तिनं माझ्या मळहातावर आदळला. आम्ही दोघी हाताकडे बघत राहिलो. लाल झाला, कातडी जागेवर होती.

"लागलं का आई?"

"लागलं," मी म्हटलं, आणि डोळे पुसायलाही नातीवरचा हात काढला नाही.