ओटीवरचं कपाट

तेव्हा मी जेमतेम पासष्टची होते, अक्कल यायची होती. कोन गावाजवळच्या आमच्या चिमुकल्या घरांच्या वसाहतीत चार घरांत मिळून एक ओटी. माझ्या वाट्याची ओटी मी कपाटासाठी भिंत घालून घरात घेतली.

आमचा मिस्त्री जमिनीवर चुन्याने घर आखायचा आणि आपल्याला त्यात बसवून, आडवं करून बघायचा. वाद मात्र कधी घालायचा नाही. या भिंतीलाही "बांधतो," एवढंच म्हणाला.

मग शेजारणी ओटीवर वाल सोलत खिदळायच्या आणि मी कपाटाशी बोलायचे. शेवटी लाजत मिस्त्रीला बोलावलं, "भिंत पाडता येईल का रे?"

त्याने नुसत्या हाताने एक वीट काढून दाखवली.

"मावशी, ही सिमेंटात नाय, मातीत बांधलीय. मना वाटला तुमी पंधरा दिसांत बोलवाल. तुमी तर दोन महिने काढले!"