माझ्या निवेदकाचे गुरू, हिराजी तांडेल

ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरव होत आहे, त्या हिराजी तांडेल यांची आणि माझी पहिली भेट बेलापूरच्या धक्क्यावर झाली, आणि तीत मला ओशाळावे लागले. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षे झाली होती. देशावरून मी इथल्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच आलो होतो आणि खाडीवर कादंबरी लिहिण्याचे मनात घेतले होते. वही घेऊन बसलेल्या मला मिठाचा मचवा चालवणाऱ्या या तांडेलांनी विचारले, “काय लिवता, मास्तर? वाचा बगू.” मी मोठ्या ऐटीत वाचू लागलो. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

“अष्टमीला उधान कंचा? तवा भांग असते. पानी चढतच नाय. तुमचा मानूस चिखलात रुतंल.”

उधाणाच्या उलट, भरती मंदावते ती भांग, हे मला ठाऊकच नव्हते. ते पान मी फाडले. पुढच्या सात वर्षांत अशी किती पाने फाडली, ते आठवले तरी आजही जीव वैतागतो.

हिराजींना अक्षर वाचता येत नाही. दर रविवारी मी वाचायचे आणि त्यांनी ऐकायचे, असा परिपाठ पडला. शीड उतरवण्याची रीत चुकली म्हणून त्यांनी मला उलव्यापर्यंत मचव्यातून नेले आणि दोर ओढायला लावला. हाताला फोड आले, तर म्हणाले, “आता लिवा.” घरी आमच्या मंडळींनी माझ्या हातांना हळद लावली आणि विचारले, “कादंबरी तुमची की त्यांची?” मी दुसरा हात पुढे केला.

खरा वाद वादळाच्या प्रकरणावर झाला. माझा निवेदक एक तरुण मास्तर आहे, आणि तो जे शिकतो ते एका तांडेलाकडून. या तांडेलाने भर वादळातून मचवा, माणसे आणि मीठ, सारे सुखरूप आणले, असे मी लिहिले होते. ऐकून हिराजी उठून गेले. तीन रविवार आलेच नाहीत. अखेर मीच त्यांच्या घरी गेलो.

“तो तांडेल खोटा हाय,” ते म्हणाले. “मीठ घेऊन तो बुडला असता. वाचनारा पोर उद्या तसाच करंल.”

मग त्यांनी शांतपणे स्वतःची जुनी हकीकत सांगितली. वैशाखाच्या अखेरीस भर खाडीत वारे फिरले, तेव्हा त्यांनी सगळे मीठ पाण्यात टाकायला लावले. चारही खलाशी जिवंत परतले. व्यापाऱ्याने मात्र मचवा त्यांच्या हातून काढून घेतला. त्यानंतर दोन वर्षे ते ओटीवर बसून दुसऱ्यांची जाळी विणत होते.

“लाज वाटली?” मी विचारले.

“वाटली ना. रोज वाटली. पन चौघं समोरून जायची.”

त्या चौघांपैकी एक, नामदेवराव, आज या गौरव समितीचे चिटणीस आहेत.

मी चिडलो होतो, कारण ते प्रकरण मला मनापासून आवडले होते. तरीही ते नव्याने लिहिले. तांडेल हरतो, ओटीवर बसतो आणि निवेदक रोज त्याच्याजवळ जाऊन बसतो. कादंबरी तिथे प्रथमच जिवंत झाली. तोवर माझ्या निवेदकाला गुरू होता, पण शिकण्यासारखे काही नव्हते. पुस्तक छापून आल्यावर वाचकांची पत्रे आली, ती बहुतेक त्याच प्रकरणाबद्दल. मी ती हिराजींना वाचून दाखवली. ते म्हणाले, “ठीक हाय. पन खाडीच्या तोंडाशी वारा चुकलाय.”

या गौरवालाही त्यांनी हरकत घेतलीच. पंचाहत्तर वर्षे कोणी मोजली, असा त्यांचा सवाल होता. समितीने अंदाजाने ठरवली, हे त्यांना सांगण्याचे धाडस कोणी केले नाही.

गेल्या पावसाळ्यात ते दोन महिने अंथरुणाला खिळून होते. त्या काळात कोणाच्याही अडथळ्याविना मी नव्या कादंबरीची तीन प्रकरणे लिहिली. एकदा स्वतःच मोठ्याने वाचली. त्यांत एकही माणूस खरा नव्हता. तिन्ही प्रकरणे चुलीत घातली आणि हिराजींना बरे वाटावे म्हणून आयुष्यात प्रथमच नवस बोललो. हिराजी बरे झाले, नवस फेडला. त्यांना निरोगी शतायुष्य लाभो, ही प्रार्थना मी करतो, आणि तीत माझा स्वार्थ आहे हेही कबूल करतो.