राणीचे दात

हसू आलं की भाऊंचा डावा हात आधी तोंडावर जायचा आणि मग हसू बाहेर पडायचं. उजव्या हातात ब्रश असो की चहाचा कप, डावा त्या कामासाठी मोकळाच ठेवलेला असे. तुमच्याही ओळखीत असा कुणीतरी असेल. आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि पाहिलंच नाही असं दाखवतो. आम्हीही तेच करायचो.

धरमपेठेत शिरीषचं स्टेशनरीचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी त्याच्या वरच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण प्लास्टिकच्या सैन्यांची लढाई खेळतो. राक्षस, बुटके, चेटकिणी, घोडेस्वार, सगळे अंगठ्याएवढे. ते राखाडी तुकड्यांत येतात. जोडायचे, रंगवायचे आणि मग फासे टाकून एकमेकांना मारायचे. मी बँकेत नोकरी करणारी, चाळिशी उलटलेली बाई. घरी याला ‘तुझ्या बाहुल्या’ म्हणतात. म्हणोत.

भाऊ दुकानात आले ते पॉलिश पेपर घ्यायला. काउंटरवर हात तुटलेला माझा एक राक्षस पडला होता. त्यांनी तो उचलला, उजेडाकडे धरला. शिरीष काहीतरी सांगायला गेला तर म्हणाले, “थांब नं गा, आधी तोंड पाहू दे.”

मग म्हणाले, “नुसता चिकटवला तर हात पुन्हा पडते. आत तार पाहिजे.”

पुढच्या रविवारी राक्षस परत आला. खांद्यात बारीक भोक पाडून तार बसवली होती आणि जोड शोधून सापडत नव्हता. भाऊ सीताबर्डीवरच्या एका दातांच्या लॅबमध्ये कारागीर होते. डॉक्टर लोक जबड्याचे साचे पाठवत, भाऊ कॅप आणि कवळ्या करून देत. त्या दिवशी ते चहाला थांबले आणि मग दर रविवारी येऊ लागले.

एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं, असं जोडून नवीनच बाहुला करायचा याला आम्ही ऐटीत ‘कन्व्हर्शन’ म्हणायचो. भाऊ ‘फेरफार’ म्हणायचे. भिवापूरकडच्या त्यांच्या गावाहून आई मिरच्या पाठवायची. त्या मिरच्यांचे वाळके देठ उभे चिकटवून ते बाहुल्याच्या पायाशी जळकं रान करत. आमच्या सैन्यांना कायम मिरचीचा वास यायचा आणि एक गडी तर लढाई सुरू झाली की शिंकायचाच.

एकदा त्यांनी शिरीषची अख्खी राक्षसांची टोळी रंगवून आणली. कातडी, जखमा, गंजलेल्या कुऱ्हाडी, सगळं पाहत राहावं असं. फक्त दात पांढरेशुभ्र.

“भाऊ, याचे दात काहून एवढे पांढरे?” शिरीषनं साधेपणानं विचारलं. “खोक्यावरच्या चित्रात तर पिवळे-तपकिरी आहेत.”

भाऊंचा हात तोंडावर गेला. हसू आलेलं नव्हतं, तरी गेला. आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं आणि आम्ही फासे गोळा करायला लागलो. इतकी लाज वाटली की त्या दिवशी कोण जिंकलं हेही मला आठवत नाही.

जिना उतरताना त्यांनी मला थांबवलं. पिशवीतून एक पट्टी काढली. दातांच्या छटा जुळवायला लॅबमध्ये असते तसली, खोट्या दातांची रांग असलेली. “पाहा ताई, एवढे रंग हायेत. ह्याच्यात आमचा नाही. गावचं पाणीच तसं, दातावर तपकिरी डाग चढते. माहे असे, बहिणीचे असे, आईचे असे. आई तर सारे दात दाखवून हासते, तिले काही नाही वाटत. मलेच वाटते.” मग पट्टी पिशवीत टाकत म्हणाले, “पण असे दात राक्षसालेच काहून द्याचे मंग?”

मी ‘नाही, बरोबर आहे’ असं काहीतरी पुटपुटले.

त्यानंतर त्यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पाहुणे येणार, फोटो निघणार. भाऊंनी डॉक्टरांकडून समोरचे दात झिजवून घेतले आणि त्यांवर बसवायच्या कॅप स्वतःच्याच हातानं बनवल्या. रविवारी आले तर ओळखू येईनात. आम्ही कौतुकाचा नुसता मारा केला. दहा वर्षांनी लहान दिसता, हिरो दिसता, काय काय. भाऊ हसले आणि हात तोंडावर गेला. शिरीष म्हणाला, “आता कशाला झाकता?” हात खाली आला, पुन्हा वर गेला.

साक्षगंध झाल्यावर त्यांनी मोबाइलमध्ये फोटो दाखवला. मुलगी, जावई, मध्ये भाऊ, पांढरे दात चमकताहेत. शेजारी आई. आईनं पदराचं टोक तोंडाला लावलेलं.

“सत्तर वर्षांत आईनं कधी तोंड नाही झाकलं, ताई,” ते म्हणाले. “माह्याकडे पाहिलं अन् पदर लावला. मी बाजूले उभा होतो.”

त्या दिवशी ते खेळले नाहीत. माझ्या सैन्याची राणी तेवढी रंगवायला घेऊन गेले. खोक्यातली राणी गंभीर, नाकापासून हनुवटीपर्यंत जरीचं वस्त्र बांधलेली.

मग ते दिसेनासे झाले. गावी आई अंगणात पडली होती, लॅब सोडून भाऊ तिच्यापाशी राहायला गेले. काही महिन्यांनी गावाकडून आलेल्या कुणाच्या तरी हाती शिरीषकडे एक कवळी ठेवायची डबी आली. आत कापसात माझी राणी.

तोंडावरचं वस्त्र कापून काढलेलं. खाली चेहरा नव्हताच, तो भाऊंनी घडवला होता. गालांना सुरकुत्या, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. राणी खदाखदा हसत होती. मी भिंग आणलं. एकेक दात वेगळा होता आणि त्यावर तपकिरी रेघा, पट्टीवर नसलेल्या रंगाच्या. मुकुट मात्र झळझळीत सोन्याचा. पायाशी मिरचीचा देठ.

मी तिथूनच फोन लावला.

“बिघडवली असंन तर माफ करा ताई,” भाऊ आधीच म्हणाले. “तुमची महागाची राणी होती.”

“सगळ्यात पुढे उभी केली आहे,” मी म्हटलं. “आईंना दाखवली होती का?”

“दाखवली नं. पाहिलं तिनं बराच वेळ. चांगली झाली म्हणे.” मग म्हणाले, “तोंडाले पदर लावूनच म्हणाली.”

 मग मी सांगितलं की राणीला उचलल्या उचलल्या शिरीष पहिलं काय म्हणाला, तर ‘थांबा, आधी तोंड पाहू द्या’.

भाऊ हसले. समोर आम्ही कुणी नव्हतो, दात पांढरे होते, आणि तरी ते हसू मला बोटांच्या आडून आल्यासारखं दबकं ऐकू आलं.