धोणस आणि तिसरी तार

रविवार, २१ ऑगस्ट १९८८. सकाळी इलेक्ट्रिक ओव्हन उघडून ओट्यावर पसरला होता. कॉइल तुटली होती. तिची टोकं ज्या चिनी मातीच्या मण्यांतून बाहेर येतात ते मणी तडकले होते, आणि वायरीचं कापडी वेष्टण जळून काळं पडलं होतं. नवं सामान मी आदल्या दिवशीच साखळीच्या बाजारातून आणलं होतं. घरातली असली कामं माझीच. नवरा खाणीवर, रविवारीसुद्धा. घरी असता तरी त्याच्या हाती स्क्रू ड्रायव्हर द्यायची माझी तयारी नव्हती.

घाई होती ती श्रावणातल्या आयताराच्या, म्हणजे रविवारच्या, पूजेची. सासूबाई त्या दिवशी नैवेद्याला धोणस करायच्या. काकडीचा गोड केकच तो: तवशाचा कीस, रवा, गूळ. टोपाखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. पावसात लाकडं ओली, धुराने त्यांचे डोळे सुजत. ओव्हनमध्येही खालून-वरून आचच असते, हे मी त्यांना कितीदा सांगितलं होतं. त्या ओव्हनला फोर्न म्हणत, आणि त्यात मी नाताळाला अंड्यांचा केक करते ही त्यांची अडचण होती. मी तो आतून चिंचेने घासून काढला. यंदा त्या कशाबशा कबूल झाल्या.

दुकानात तीन तारांची वायर संपली होती, म्हणून मी दोन तारांची घेतली. ओव्हन तिच्यावरही तापतो. फक्त तिसरी तार नसली की, आत कुठे वीज पत्र्याला लागली तर तिला जमिनीत जायला वाट राहत नाही. हे मला माहीत होतं. मणीही एक कमी पडला, तिथे तडकलेलाच बसवला. बटण लावून पत्र्याला बोटाची पाठ टेकवली तर मुंग्या आल्या. रबरी चपला घालून पुन्हा हात लावला, काही जाणवलं नाही. म्हटलं, चालेल.

सासूबाई स्वयंपाकघरात कधी चपला घालत नाहीत. नैवेद्य तर त्या ओलेत्याने करतात, म्हणजे न्हाऊन, पिळलेलं लुगडं तसंच ओलं नेसून. हे त्या सकाळी माझ्या लक्षात आलं नाही, असं मला म्हणता येत नाही. आलं होतं. "दार मी उघडीन, तुम्ही हात लावू नका," एवढं मी त्यांना सांगितलं. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा निखारे आले असते, आणि मला माझंच खरं करायचं होतं.

धोणस ओव्हनमध्ये ठेवून मी परसात पत्री खुडत होते तेव्हा किंकाळी ऐकू आली. धावत येऊन आधी बटण बंद केलं. सासूबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून. करपल्याचा वास आला म्हणून त्यांनी दार उघडलं होतं.

शेजारीण आली, तिने हाताला खोबरेल चोळलं. त्या बोलू लागल्या तसं तिला सुनेने विजेचं भूत घरात आणल्याची थट्टा सुचली. "सुनेन फोर्न न्हय गो, विजेचो देवचार हाडला घरांत!"

"देवचार न्हय," सासूबाई म्हणाल्या. "देवानच थापट मारली. अंड्यांच्या फोर्नांत ताचो धोणस घालपाक गेलें म्हूण." मग माझ्याकडे वळून, "आतां सावन नैवेद्य तूंच कर. म्हजो हात देवाक जाय ना."

त्यांचा हात देवाला नको, म्हणून नैवेद्य यापुढे माझ्याकडे. या घरात आल्यापासून नैवेद्याच्या चुलीशी त्यांनी दुसऱ्या कोणाला बसू दिलं नव्हतं. सांजेला त्या देवासमोर कान धरून बसल्या. मी पेज वाढली आणि विचारलं, "हात दुखतोय का?" त्यांनी डाव्या हाताने वाटी पुढे ओढली. मला जे सांगायला हवं होतं ते सोडून मी बाकी सगळं केलं. भांडी घासली, ओटा पुसला.

सोमवारी सकाळी त्या नारळ आणि फुलं घेऊन देवळात निघाल्या. कौल लावायचा होता. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, आधी उजवीकडची पडली तर देव राजी. डावीकडची पडली असती तर त्या पुन्हा चुलीशी बसल्या नसत्या. मी त्यांना घराच्या पायरीवर गाठलं.

"आई, देवाला काय विचारताय? दोष वायरीचा आहे. तिसरी तार मी जोडलीच नाही. पत्रा चावतो हे मला तुमच्याआधी कळलं होतं."

"तुका कळ्ळेलें?"

"हो."

"आनी सांजभर हांव कान धरून बसलें, तें तूं पळयत रावलें?"

हो, मी ते बघतच राहिले होते. त्यांनी नारळ-फुलांची पिशवी माझ्या हातात दिली. "म्हाका आतां विचारपाक कांय ना. तूंच वच." आणि लुगड्याचा पदर खोचून त्या चुलीकडे गेल्या. चूल फुंकल्याचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला.

मी देवळात गेले. कौल कशासाठी लावायचा, असं भटजींनी विचारलं.

"कौल नको. नारळ तेवढा ठेवा."

"कोणाच्या नावानं?"

"माझ्या," मी म्हटलं, आणि तिथूनच फोंड्याची बस पकडली, तीन तारांची वायर आणायला.