गाडीच्या आधी येणारी सावली

बाळांनो, तुमच्या बाबांनी मला फोनवर सांगितलं, "आई, बाबांना आता ऐकू येत नाही. ती सायकल कुणाला तरी देऊन टाक." आजोबा समोरच बसले होते. बोलणं ऐकू आलं नसलं, तरी माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. "सायकल द्यायची नाही," एवढंच म्हणाले.

भेस्तानच्या कापड कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. कानातलं मशीन आहे, पण सायकलवर त्यात नुसता वारा घोंघावतो. म्हणून ते खिशात ठेवून भाजीला निघतात.

मग मागून येणारी गाडी यांना कळते कशी? मी आधी स्वतः करून पाहिलं. कानांत कापूस घालून सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर माझी सायकल काढली. एरवी मी गाडी आधी ऐकते आणि मग बघते, हे त्या दिवशीच लक्षात आलं. आता सारखं मागे वळून बघावंसं वाटे, आणि उजवीकडे मान वळवली की हँडलही उजवीकडेच जाई. म्हणजे मोठ्या रस्त्यावर नेमकं गाड्यांच्या अंगावर.

घरी येऊन मोठ्याने विचारलं, "अहो, मागचं तुम्हाला कळतं कसं?"

"मागे बघतोच कशाला? सावली बघतो. बाजार पश्चिमेला, सकाळचं ऊन पाठीवर. गाडीच्या आधी तिची सावली येते. मागावर सुताची तार तुटली तर काय ऐकू यायचं? डोळ्याच्या कोपऱ्यातनंच दिसायचं."

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्या मागे माझ्या सायकलवर गेले. खरंच, टेम्पोची लांब सावली आमच्या उजव्या बाजूने पुढे सरकली, ते डावीकडे झाले आणि मग टेम्पो गेला. मला फार गंमत वाटली. पण बाजारात त्यांनी मशीन कानात घातलं आणि कोथिंबीर निवडताना मला एकदम सुचलं.

"आणि परत जाताना? तेव्हा तर ऊन तोंडावर. सावल्या मागे पडणार."

ते कोथिंबिरीकडे बघत राहिले. "येताना जरा जपून येतो."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे जपून, मास्तरीणबाई."

"आरसा लावू या?"

"लावला होता. खड्ड्यांत इतका थरथरतो, की मागे ट्रक आहे का म्हैस, कळत नाही."

बराच वेळ वाद झाला. भाजीवाली हसत होती. शेवटी तेच म्हणाले, "बरं. येताना चालत येईन."

त्या दिवशी हँडलला पिशवी अडकवून आम्ही दोघं सायकली ढकलत कडेकडेने घरी आलो. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि ते रागावलेले होते.

संध्याकाळी तुमच्या बाबांना फोनवर सगळं सांगितलं. तेही लगेच विचारतात, "आणि ढगाळ दिवशी?"

मी आजोबांना हाताने आभाळ दाखवलं. त्यांना प्रश्न कळला.

"त्याला सांग, त्या दिवशी घरात कडधान्य शिजेल."

तुमचे बाबा हसले आणि म्हणाले, "मग राहू दे सायकल."