आर्विडच्या गाई कुणाच्या?

मोंटानाच्या माळावर आर्विड टॉलेफसनने चाळीस वर्षं गुरं राखली, आणि घोड्यावर बसून त्यांच्यासाठी गाणी म्हटली. गाणी कसली, माणसाचा आवाज कानावर असला की कळप बुजत नाही, एवढंच! म्हणून शहरातली एक बाई ती रेकॉर्ड करायला आली, तेव्हा तो गांगरलाच. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून त्याला एकही ओळ आठवेना.

"अरे, गा की! एरवी थांब म्हटलं तरी थांबत नाहीस," बायको मार्लिस कॉफी ओतत म्हणाली.

"खाली घोडा नाही ना!"

शेवटी घोड्यावर खोगीर चढलं. आर्विड कळपाभोवती फिरत गायला आणि बाईचे डोळे पाणावले. "अस्सल! या मातीतलं!" ती म्हणाली. गाणं तर खुरात मोडलेल्या काट्याचं होतं. यात रडण्यासारखं काय, ते त्याला कळेना.

निघताना बाईने गाडीत तेच गाणं मोठ्याने लावलं. गाईंनी माना वर केल्या आणि सगळा कळप कुंपणाच्या कडेकडेने गाडीमागे चालू लागला.

"पोरींनो, मी इथे आहे!" आर्विड ओरडला. एकीनेही मागे पाहिलं नाही. गाई आपल्याला ओळखतात, असं इतकी वर्षं त्याला वाटत होतं.

"गाऊन बघ," मार्लिस हळूच म्हणाली.

तो गायला. एक म्हातारी गाय तेवढी थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि ती गाडीमागे गेली.